साडेबाराचं गेट

माझ्या हातानं लिहिलेल्या एका नोटिशीची प्रत मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यातला मजकूर असा: 'सकाळी ८.४० नंतर येणाऱ्या कामगारास प्रवेश दिला जाणार नाही. अशा कामगाराने दुपारी १२.३० वाजता गेटवर हजर व्हावे. त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी धरली जाईल.' खाली तारीख, कंपनीचा शिक्का आणि माझी सही. चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवर, काचेच्या पेटीत ही नोटीस १५ वर्षांहून जास्त काळ होती. कागद पिवळा पडला की मीच नवा टाइप करून घ्यायचो.

ती नोटीस चुकीची होती. मी ती चांगल्या हेतूनं काढली होती हेही खरं आहे, पण ज्यांचे पगार तिच्यामुळे कापले गेले त्यांना माझ्या हेतूचा काही उपयोग झाला नाही.

१९९३ साली मी भोसरीतल्या एका कारखान्यात टाईमकीपर म्हणून लागलो. तेव्हा पंचिंगची कार्डं होती. सकाळी कार्डांची चवड घेऊन बसायचं, लाल शाईनं उमटलेले आकडे वेगळे काढायचे, लेट मार्क लावायचे. पुढं चाकणच्या कारखान्यात टाईम ऑफिस आणि पर्सोनेल दोन्ही माझ्याकडे आलं. गाड्यांना लागणारं वायरिंग आम्ही बनवायचो. वायर कापायची, टोकांना टर्मिनल दाबून बसवायचे, मग मोठ्या फळीवर, म्हणजे बोर्डवर, आखलेल्या नकाशाप्रमाणे वायरी अंथरायच्या, टेप गुंडाळायची, टेस्टिंगला द्यायचं. ह्या कामाला बोटं चपळ लागतात, म्हणून कामगार बहुतेक बायका. खराबवाडी, म्हाळुंगे, नाणेकरवाडी, कुरुळी, काही आळंदीकडच्या, काही राजगुरुनगरच्या. जनरल पाळी साडेआठ ते पाच. बस सात चाळीसला निघायची.

वेळेच्या बाबतीत मी कडक होतो आणि त्याचा मला अभिमान होता. माझं म्हणणं सरळ होतं. कारखान्यात वशिला चालतो, ओळख चालते, गोड बोलणारा पुढं जातो, पण घड्याळ कोणाचा नातेवाईक नसतं. आठ चाळीस म्हणजे सगळ्यांना आठ चाळीस. गरिबाला न्याय मिळायचा तर नियमानंच मिळेल, माणसाच्या मर्जीनं नाही, असं मी मनापासून मानत होतो. कोणी रडत आलं तरी मी बधायचो नाही, कारण एकाला सोडलं तर उरलेल्यांवर अन्याय होतो असं मला वाटायचं.

हा संस्कार मला वडिलांकडून मिळाला, असं मी सगळ्यांना सांगायचो. वडील गिरणगावात साचेखात्यात होते. पहिल्या भोंग्याला ते घरातून निघालेले असायचे. आजारी असोत, पाऊस कितीही असो, त्यांना उशीर झालेला मी पाहिला नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरणी सुटली ती सुटलीच, आम्ही काकांच्या आधारानं पिंपरीला आलो. तिथंही ते पहाटे चारला उठायचे, कुठं जायचं नसतानाही. त्या उठण्याला मी शिस्त म्हणायचो. माझ्या टेबलामागं त्यांचा फोटो होता आणि नव्या लागलेल्या पोरांना मी त्यांच्या वक्तशीरपणाची गोष्ट ऐकवायचो.

जून २०२४ मध्ये हे सगळं हललं. त्याला कारण झाला एक सरकारी निर्णय, ज्याचा आमच्या कारखान्याशी काही संबंध असेल असं मला वाटलंच नव्हतं. लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश त्या वर्षीच्या फेब्रुवारीत निघाला. नवीन शैक्षणिक वर्षापासून तो लागू व्हायचा होता. निर्णय चांगलाच. पण आमच्या कितीतरी बायकांची मुलं चाकण परिसरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत होती आणि त्या शाळा तोवर सकाळी साडेसातला भरायच्या. सव्वासातला पोराला शाळेत सोडायचं आणि सात चाळीसची बस पकडायची, असं त्यांचं वर्षानुवर्षांचं गणित बसलेलं होतं. नवरा दुसऱ्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला, तो सहालाच बाहेर पडलेला. आता शाळा नऊची झाली. सात चाळीस ते नऊ ह्या वेळात सहा वर्षांचं पोर कुठं ठेवायचं, ह्याची तरतूद त्या आदेशात नव्हती आणि माझ्या नोटिशीतही नव्हती.

लेट येणाऱ्यांचा आकडा वाढला. मी तो ढिलेपणा समजलो. सुपरवायझरना बोलावून सांगितलं, गेट आठ चाळीसला म्हणजे आठ चाळीसला बंद.

त्याच महिन्यातली एक सकाळ. पाऊस जोरात होता, चाकण चौकात नेहमीची कोंडी. आठ पन्नासला एक बाई गेटवर आली. आमच्याकडे आठ-नऊ वर्षं काम करणारी, टेपिंगचा हात इतका साफ की नव्या मुलींना आम्ही तिच्याजवळ बसवायचो. मी त्या वेळी सिक्युरिटी केबिनमध्येच होतो. ती भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "साहेब, पोराला शाळेच्या बंद गेटबाहेर एकटं सोडून येऊ का? तसं करायचं असेल तर सांगा. मी वेळेवर येते."

मी उत्तर दिलं, "ताई, नियम सगळ्यांना सारखा आहे." तिनं मान हलवली आणि छत्री उघडून परत फिरली.

तेव्हा वॉचमन हळूच म्हणाला, "साहेब, ह्या आता येत नाहीत हां. साडेबाराला कोणीच येत नाही. चार तास बसणार कुठं? घरी जातात, अन् दिवस जातो."

मी चमकलो. इतक्या वर्षांत मी कागदावर अर्धा दिवस कापत होतो असं मला वाटत होतं. त्या रविवारी मी कारखान्यात जाऊन बसलो. गेटवरचं लेट रजिस्टर आणि हजेरीचं मस्टर शेजारी शेजारी ठेवलं, आणि मागच्या एका वर्षाच्या नोंदी एकेक तारीख धरून ताडून पाहिल्या. वॉचमन म्हणत होता ते खरं होतं. ज्या दिवशी गेटवर नाव लिहिलं गेलं, त्या दिवशी मस्टरवर बहुतेकांचा अख्खा खाडा होता. दहा मिनिटं वाचवायला केलेल्या नियमानं आठ तास घालवले होते. कंपनीचे गेले आणि कामगाराचेही. आणि ते खाडे महिनाअखेरीस गैरहजेरीच्या तक्त्यात जायचे, त्या तक्त्यावर मीच शेरा मारायचो: 'कामाविषयी बेफिकिरी.'

ह्यापुढची गोष्ट सांगायला मला जड जातं. आम्हाला तेव्हा लागू होता १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम. त्याच्या नवव्या कलमात स्पष्ट म्हटलं होतं की गैरहजेरीपोटी कापलेली रक्कम गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणाबाहेर जाता कामा नये. म्हणजे दहा मिनिटं उशीर झाला तर दहा मिनिटांचे पैसे कापा, त्यापेक्षा जास्त नाही. हे कलम मला चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी गेट बंद केलं होतं. आत घेऊन अर्धा दिवस कापला तर कायदा मोडतो, पण आतच घेतलं नाही तर माणूस खरोखर चार तास गैरहजर राहतो आणि अर्धा दिवस कापता येतो. ही वाट मी शोधून काढली होती आणि तेव्हाच्या मॅनेजरनं माझी पाठ थोपटली होती. काम करायला आलेल्या माणसाला मी बाहेर उभं करून गैरहजर ठरवत होतो.

त्या आठवड्यात मी आईशी बोललो. ती पंच्याऐंशीच्या पुढं आहे, ऐकायला कमी येतं, पण गिरणगावातलं सगळं लख्ख आठवतं. मी म्हटलं, बाबांना एकदाही उशीर झाला नाही, ते कसं जमायचं? ती म्हणाली, "अरे, तुझे वडील घड्याळाला नव्हते भीत. बदलीवाल्याला भीत होते. गेटवर रोज बदलीवाले उभे असायचे. ह्यांना उशीर झाला की मुकादम साचे त्याच्या हातात द्यायचा. मग आजचा दिवस गेला, अन् उद्याची धाकधूक." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि ते वेळेवर निघायचे ते मी तीनला उठायची म्हणून. चाळीत नळ चारला जायचा."

वडिलांचा फोटो माझ्या टेबलामागून मी काढला नाही. मात्र नव्या पोरांना ती गोष्ट सांगणं बंद केलं. मी ज्याला शिस्त समजत होतो ती अर्धी भीती होती, आणि उरलेली अर्धी आईची मेहनत होती जी कुठल्याच मस्टरवर चढली नाही. वेळेवर येणारा माणूस बहुतेकदा असा असतो की ज्याची सकाळ दुसरं कोणीतरी सांभाळतं. आमच्या बोर्डवरच्या बायका वडिलांच्या जागीही होत्या आणि आईच्याही. त्यांची सकाळ सांभाळणारं कोणी नव्हतं.

मी स्वतः कधी वेळेवर यायचो, हाही प्रश्न तेव्हाच पडला. आम्ही अधिकारी पंचिंग करत नव्हतो. आमचं मस्टर टेबलावर यायचं. नऊला सही केली काय आणि सव्वानऊला केली काय, पगार तोच. माझा पुतण्या हिंजवडीला आयटीत आहे. तो कधी अकराला जातो, कधी घरूनच बसतो, आणि त्याला कोणी बेफिकीर म्हणत नाही. 'फ्लेक्सी टाईम' ही लॅपटॉपवाल्यांची सोय असं आपण धरून चाललो आहोत. पण ती पहिल्यांदा नावारूपाला आली १९६७ मध्ये, म्युनिकजवळ ओटोब्रुनला, विमानांवर काम करणाऱ्या एका कंपनीत. एकाच वेळी सगळे निघाल्यामुळं रोज सकाळी रस्ता तुंबायचा, हे तिथलं कारण होतं. तळेगाव-चाकण रस्त्यावर सकाळी आठला अडकलेल्या माणसाला हे कारण समजावून सांगावं लागणार नाही.

कामगारांची येण्याची वेळ सैल करावी, असा प्रस्ताव मी मॅनेजरपुढं ठेवला. त्यांनी उत्पादनाचे प्रश्न विचारले, ते मला अपेक्षित होते. विरोध झाला तो युनियनकडून, आणि त्या विरोधानं मला जास्त शिकवलं.

युनियनचे सेक्रेटरी माझ्याच वयाचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही चांगल्या मनानं बोलताय. पण ठरलेली वेळ ही आमची कमाई आहे. ती आम्ही सोडणार नाही." मग त्यांनी मला नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण करून दिली. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेत लोखंड्यांनी जे मागणीपत्र मांडलं, त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं हीही मागणी होती. साडेसहा ही वेळ मालकानं लादलेली नव्हती, कामगारांनी मागितलेली होती. त्याआधी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, मालकाच्या मर्जीनं काम चालायचं. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. काका म्हणाले, "वेळ सैल केली की ती कोणाच्या हातात जाते ते बघा. नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराची वेळ सैलच असते. त्याला विचारा कशी वाटते."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काही दिवस मी ते मनात घोळवत राहिलो. ठरलेली वेळ म्हणजे जुलूम आणि सैल वेळ म्हणजे मोकळीक, असं माझ्या डोक्यात घाईनं उलटं झालं होतं. काकांमुळं ते सरळ झालं. वेळ ठरलेली असावी, लिहिलेली असावी, नोटीस बोर्डावर असावी. मात्र ती निवडायचा हक्क कामगाराचा असावा. मालक म्हणेल तेव्हा ये, हे लवचिक वेळेच्या नावाखाली चालणार असेल तर माझी जुनी नोटीससुद्धा बरी.

कायद्याचीही अडचण होती. आम्हाला तेव्हा लागू होता १९४८ चा कारखाने अधिनियम. आठवड्याला ४८ तास, दिवसाला ९ तास, त्यावर दुप्पट दरानं ओव्हरटाइम, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कायद्याचं ५८ वं कलम सांगत होतं की एकाच प्रकारच्या कामावर एका वेळी दोन पाळ्यांची माणसं असू नयेत. आधी मला ते जाचक वाटलं. नंतर उमगलं की पाळ्या एकमेकींवर चढल्या की कोण कधी आला आणि किती राबला हे निरीक्षकाला कळायला मार्ग राहत नाही, म्हणून ते कलम होतं. त्यातून सूट मिळायची सोयही त्याच कलमात होती, पण लेखी आणि कारणासकट. आम्ही औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे अर्ज केला आणि परवानगी हातात आल्यावरच पुढं गेलो.

ठरलं ते असं. तीन वेळा: साडेसात ते चार, साडेआठ ते पाच, साडेनऊ ते सहा. प्रत्येक महिन्याच्या २५ तारखेपर्यंत कामगारानं पुढच्या महिन्याची वेळ निवडून टाईम ऑफिसला द्यायची. यादी बोर्डावर लागणार. लागल्यावर सुपरवायझरला ती बदलता येणार नाही. आठ तास झाले की माणूस सुटला, 'साडेनऊला आलीस तर सातपर्यंत थांब' असं कोणी म्हणायचं नाही. ही अट काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून घातली. आणि गेट दुपारच्या साडेबारापर्यंत बंद ठेवायचं नाही. उशीर झाला तर तेवढ्याच मिनिटांचे पैसे.

बोर्डवर ही व्यवस्था आमच्या अपेक्षेपेक्षा सहज बसली. एका बोर्डवर एक बाई, तिचं काम तिचं. तिला पुढ्यात कापलेल्या, टर्मिनल बसवलेल्या वायरी लागतात. कटिंग आणि क्रिम्पिंगवाल्यांपैकी बरेच साडेसातला यायला तयार होते, त्यामुळं साडेआठपर्यंत ट्रे भरलेले असायचे. उलट आधी सगळे एकदम साडेआठला यायचे तेव्हा बोर्डवाल्यांची पहिली वीस-पंचवीस मिनिटं मालाची वाट बघण्यात जायची. ती मिनिटं मी कधी मोजली नव्हती, कारण ती गेटच्या आत जायची.

सगळीकडे जमलं असं मात्र नाही. मोठ्या वायरिंगसाठी आमच्याकडे एक फिरती लाईन होती. बोर्ड फिरत राहतात आणि प्रत्येक बाई आपापला तुकडा जोडते. तिथं एक जागा रिकामी राहिली की लाईन थांबते. तिथं वेळ एकच ठेवावी लागली, आणि ज्यांना दुसरी वेळ हवी होती त्यांना बोर्डवर बदली दिली, जागा होत्या तोवर. सगळ्यांना मिळाली नाही. सेकंड शिफ्टमध्ये रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही, तिथंही काही करता आलं नाही. भट्टीचं, रंगाचं, राखणीचं काम असेल तिथं हे चालणार नाही आणि चालेल असं कोणी सांगू नये. आणि बस. कंपनीची बस सात चाळीसलाच निघायची. दुसऱ्या वेळेसाठी बस द्यायला कंपनी तयार झाली नाही. म्हणून राजगुरुनगर-आळंदीकडच्या बायकांना साडेनऊची वेळ कागदावर मिळाली आणि पोचायला रिक्षा करावी लागली. काहींनी दोन महिन्यांत सोडून दिली. सवलतीचा खरा फायदा जवळ राहणाऱ्यांना झाला, हे मला मान्य करायला हवं.

त्या पावसात परत गेलेल्या बाईनं साडेनऊची वेळ घेतली. पोराला शाळेत सोडून ती स्कूटीवर येते. यादी लागली त्या दिवशी मी तिच्या बोर्डजवळ गेलो आणि म्हटलं, "ताई, त्या दिवशी माझं चुकलं." तिचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "त्या दिवशीचा खाडा लागलाय साहेब. तो काढता येईल का?" मी तो काढला. त्या एका वर्षाच्या रजिस्टरातले, कायमच्या कामगारांचे, गेटवर नाव असलेले सगळे दिवस मी मॅनेजरसमोर ठेवले आणि त्यांचे पैसे परत मिळवून दिले. आधीच्या वर्षांची रजिस्टरं रद्दीत गेली होती. त्या वर्षांचं मी काही करू शकलो नाही.

टाईम ऑफिसात बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. तुमच्या गेटवरचं लेट रजिस्टर आणि मस्टर एकदा शेजारी ठेवून स्वतः वाचा, सॉफ्टवेअरनं काढलेला तक्ता नको. नावापुढं कारणाचा एक रकाना आखा आणि महिनाभर विचारून तो भरा. शाळा, टँकर, बस, सासऱ्यांचं डायलिसिस, जे असेल ते लिहा. मग ठरवा.

मी मार्च २०२५ मध्ये निवृत्त झालो. आमच्या कारखान्यात निम्म्याहून जास्त बायका ठेकेदाराच्या मस्टरवर आहेत. त्यांना ही तीन वेळांची मुभा लागू करा म्हणून मी दोनदा लिहून दिलं. ती लागू झालेली नाही. त्यांच्यासाठी गेट अजूनही आठ चाळीसला बंद होतं आणि साडेबाराला उघडतं.